कोटांच्या आड गाणारे मास्टर

मास्टर गेल्यावर त्यांची मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही अकरा वर्षं शेजारी होतात. बाबांवर चार ओळी लिहा ना." खरं सांगायचं तर मला त्यांच्याविषयी फार थोडं ठाऊक आहे. आमची भिंत एक होती, एवढंच. आणि लिहिण्याची मला सवय नाही.

मास्टर शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, मागे दांडीवर गिऱ्हाइकांचे कोट. दुपारी मशीन थांबलं की ते त्या कोटांमध्ये शिरायचे. कापड असलं की खोली घुमत नाही, असं त्यांनीच मला समजावलं होतं. एका फोनवरचं संगीत कानात, आवाज टिपायला दुसरा फोन कोटाच्या वरच्या खिशात, आणि डोळे मिटून सगळ्यांना पाठ असलेली जुनी गाणी. मग आवाज आणि संगीत जोडून ते नातेवाईक-शेजाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचे.

"कोटांना गाणं ऐकवून झालं असेल तर काजं करा," आतून वहिनी म्हणायच्या.

"कोट निदान उठून तरी जात नाहीत!"

त्यांना नाव नको होतं. कुणीतरी एकाने आपलं गाणं शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच आस. सुईत दोरा ओवता ओवता एकदा मला म्हणाले, "तुम्ही ऐकता, भाऊ, म्हणून बरं वाटतं." मी मान डोलावली. खरं तर भिंतीतून कानावर पडायचं तेवढ्यावर मी भागवायचो आणि ग्रुपवर अंगठा दाखवून मोकळा व्हायचो.

एका रविवारी सकाळी त्यांचं गाणं आलं. अर्ध्या तासात कौतुकाची रांग लागली. "मास्टर, आज जीव ओतलात!" "काय आवाज लागलाय!" मुलीने बदाम पाठवला. मीही लिहिलं, "दुसरं कडवं फारच सुरेल."

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. गळ्यात मापाची टेप तशीच होती.

"भाऊ, दुसरं कडवं आवडलं?"

"हो, फार."

"बसा. पुन्हा ऐकू."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. व्हायोलिनं वाजली, ठेका सुरू झाला. मी आवाजाची वाट पाहत राहिलो. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. पाच मिनिटं नुसतं संगीत.

"आवाज जोडायचाच राहिला होता," मास्टर म्हणाले. "मलाही दुपारी कळलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईत होतो, चष्मा सापडत नव्हता, असं काहीबाही मी पुटपुटलो. वहिनी त्यांना बोलवायला दारात आल्या होत्या.

"मी तरी बरी," त्या म्हणाल्या. "ऐकत नाही, हे तोंडावर सांगते."

"तेही खरंच," म्हणून मास्टर उठले.

त्यानंतर दुपारीही भिंतीपलीकडून मशीनच ऐकू यायचं. गाणी का थांबली, हे ग्रुपवर एकानेही विचारलं नाही. माफी मागायची असं मी रोज ठरवत होतो आणि रोज टाळत होतो. मुलीला हे वाचून वाईट वाटेल. पण याहून जास्त मला ठाऊक नाही.

त्यांना दवाखान्यात नेलं, त्याच्या चार दिवस आधी ते जिन्यात भेटले. हातात दोऱ्याची रिळं होती.

"काय मास्टर, नवीन गाणं नाही?" मी धीर करून विचारलं.

"घसा धरलाय."

"मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा."

"करतो," ते म्हणाले.