पितळेवरचे बोट

असल्फ्याच्या चाळीत शेवंतीविषयी एकच बोलले जाई, "कंपनीत भांडी घासते." शेजारच्या जानकीने तर तोंडावर विचारले होते, "काय गं, तिथली राख संपली की इथली नेतेस का?" शेवंती हसून पुढे जाई, तिच्या नवऱ्याच्या, सहदेवच्या मात्र ते बोलणे जिव्हारी लागे. एके सकाळी तो साकीनाक्याला तिच्या कंपनीच्या गाळ्यात जाऊन उभा राहिला, तो तिची नोकरी सोडवून तिला घरी न्यायचे ठरवूनच.

"तिथंच थांबा," हातमोजे चढवलेली शेवंती म्हणाली. "एवढी जाळी होऊ द्या."

तारेच्या त्या जाळीदार टोपलीत दवाखान्यातल्या ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हचे पितळी भाग होते. तिने ती पाण्याच्या टाकीत सोडली. ना ब्रश, ना हात. कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने पाणी नुसते शहारले आणि सुईही शिरणार नाही अशा छिद्रांतून काळे तेल धुरासारखे वर येऊ लागले. सहदेव नकळत पुढे सरकला. शेजारच्या खोल टाकीत तेल विरघळवणाऱ्या द्रवाची वाफ होती. पण वर न उडता घाटातल्या धुक्यासारखी अर्ध्यावरच थबकलेली. जाळी तिच्यात उतरताच गार पितळेवर थेंब धरले, उरलासुरला ओशटपणा घेऊन ओघळले. जाळी वर आली ती कोरडी, लखलखीत.

आपण कशासाठी आलो, हेच सहदेवला आठवेना. शेवंती पाणी आणायला वळली, तेवढ्यात त्याने एका तुकड्याला बोट लावून ते कपाळी टेकवले.

कुठे तेल उरलेय का ते पाहायला ती एकेका तुकड्यावर पाणी ओतू लागली. पाण्याचा पातळ पदर अखंड पसरे. एका तुकड्यावर मात्र तो फाटला. मधोमध बोटाएवढी जागा कोरडी राहिली.

"तेवढाच बाजूला काढा ताई," मालक विद्याधर म्हणाले. "गाडी खाली उभी आहे."

"आणि बाकीच्यांना तेल लागलं नसेल कशावरून? तेलाला ऑक्सिजन मिळाला की भडका उडेल साहेब, तोही पेशंटच्या उशाशी." तिने अख्खी जाळी पुन्हा पाण्यात सोडली.

"माझाच हात लागला गं," सहदेव ओशाळून म्हणाला. "सकाळी डोक्याला खोबरेल चोळलं होतं. देवासारखं दिसलं, म्हणून... खरं तर मी तुला घरी न्यायला आलो होतो."

शेवंतीने टाकीवरची नजर काढली नाही.

"मी येत नाही. तुमचं बोट धुवायचं राहिलंय अजून."