पहिलं बरं, की दुसरं?

गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. तोंडावर 'पहिलंदुसरं काका' आणि पाठीमागे नुसतंच 'पहिलंदुसरं'. कारण उघड होतं. काकांचं चष्म्यांचं दुकान होतं. आतल्या अंधाऱ्या खोलीत माणसाला उंच खुर्चीवर बसवायचं, त्याच्या नाकावर ती जडशी गोल चौकट चढवायची, समोर अक्षरांचा तक्ता उजळायचा आणि एकामागून एक काचा सरकवत विचारायचं, "पहिलं बरं, की दुसरं?" दिवसभर हाच प्रश्न. उभा जन्म या एका प्रश्नात गेला आणि त्याबद्दल काकांची काडीचीही तक्रार नव्हती.

प्रश्न काय, कुणीही विचारील. काकांची करामत होती आवाजात. माणूस वकिलाशी खोटं बोलतो ते सुटण्यासाठी, चष्मेवाल्याशी बोलतो ते पास होण्यासाठी. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या तक्त्याची खालची ओळ पाठ करून आत येणारे महाभाग काकांनी ढिगानं पाहिले होते. अशा माणसाला विचारताना आवाज जरा जरी 'दुसऱ्या'कडे कलला, की तो लगेच "दुसरं, दुसरं" म्हणतो, खुशीत घरी जातो आणि डोकं धरून परत येतो. म्हणून काकांच्या उस्तादांनी त्यांना पहिले कितीतरी महिने काचेला हात लावू दिला नव्हता. अंधारात उभं राहून नुसतं म्हणायचं, पहिलं, दुसरं, पहिलं, दुसरं. दोन्ही शब्द एका मापाचे झाले तेव्हा कुठे काचांची पेटी हातात आली. आवाज थकला तर तक्त्याची शेवटची ओळ सपाट सुरात वाचायची, की तो पुन्हा जागेवर येतो, हाही उस्तादांचाच उपाय.

नंबर निघाला की काका प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगत, "आठ दिवस लावून बघा. डोकं दुखलं तर परत या, काच बदलून मिळेल. नाही दुखलं तर वर्षानं या, नंबर तपासून जा."

धंद्यात हा गुण सोन्यासारखा. घरात मात्र या गुणानं काकूंचा जीव नकोसा केला होता. पडदे हिरवे घ्यायचे की निळे, असं त्यांनी विचारलं की काका दोन्ही कापडं खिडकीशी धरत आणि शांतपणे म्हणत, "पहिलं बरं, की दुसरं?" काकू म्हणत, अहो, मी तुम्हाला विचारतेय. त्यावर काका पुन्हा तेच विचारत, फक्त कापडांची अदलाबदल करून. शेवटी काकू चिडून तिसराच रंग घेऊन येत. त्या घरात पिवळे पडदे का, याचं उत्तर हे आहे.

आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लेक झाली ती बापाच्या वरचढ. ती लहानपणी शाळेतून थेट दुकानात यायची आणि काका नवीन काचा तिच्यावर तपासून बघायचे. ज्यांनी कधी नंबर काढून घेतला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, दोन काचा आळीपाळीनं दाखवल्या आणि दोन्ही सारख्याच दिसू लागल्या, की चष्मेवाला समजतो, नंबर सापडला. त्यामुळे पोर उंच खुर्चीवरून पाय हलवत "सारखंच" म्हणाली की काका तिच्या पाठीवर थाप मारायचे, "शाब्बास!" पोरीनं त्यातून धडा घेतला तो असा, की जगात कुणी काहीही विचारलं तरी बरोबर उत्तर 'सारखंच' हेच. दहावीनंतर शास्त्र की कला? सारखंच. या मैत्रिणीकडे जायचं की त्या? सारखंच. काका कौतुकानं हसत आणि काकू कपाळाला हात लावत.

पुढे शिकायला बाहेरदेशी जायचं ठरलं तेही याच पायी. काकूंचा भाऊ, म्हणजे लेकीचा मामा, विमा विकायचा. समोरच्याच्या आयुष्याचा निर्णय चहा निवायच्या आत घेऊन टाकायची त्याला धंद्याचीच सवय. त्यानंच एक विद्यापीठ शोधून काढलं. तिथं म्हणे पहिलं वर्षभर वाटेल त्या विषयाच्या वर्गात बसता येतं आणि वर्ष संपताना एक मुख्य विषय सांगायचा. "हिच्यासाठीच बांधलंय ते," मामा म्हणाला. लेकीनं प्रवेशपरीक्षा दिली, चांगल्या गुणांनी पास झाली आणि एवढी मोठी बॅग ओढत विमानात बसली. खिडकीची जागा हवी की कडेची, असं विमानतळावर विचारलं, तेव्हा तिनं काय सांगितलं असेल ते सांगायला नको. तिला मधली मिळाली.

आता काकांच्या पोटात काय होतं ते सांगतो. काका म्हणत, तिला जे शिकायचं ते तिनं शिकावं, माझं काही मत नाही. आणि आवाज असा सरळ, की ऐकणाऱ्याचा विश्वास बसावा. पण ती गेली त्याच महिन्यात त्यांनी दुकानाची पाटी नव्यानं रंगवून घेतली. पेंटर म्हणाला, नाव मधोमध घेतो. काका म्हणाले, नको, डावीकडे घे. उजवी अर्धी पाटी कोरी राहिली. कुणी विचारलं तर काका सांगत, "पाटी मोठी मिळाली, त्याला काय करणार." त्या विद्यापीठात डोळ्यांचं शास्त्र शिकवतात, हे काकांना मामाच्या आधी ठाऊक होतं. त्या कोऱ्या जागेत कुणाचं नाव यायचंय हे समोरच्या न्हाव्यापासून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं. आपण ताकास तूर लागू देत नाही असं फक्त काकांना वाटत होतं.

दर रविवारी दुपारी दुकान बंद झालं की सगळे आतल्या खोलीत जमत. फोन काचांच्या पेटीला टेकवून उभा करायचा आणि समोर काका, काकू आणि मामा, तिघं दाटीवाटीनं बसायची. तिकडे तेव्हा भल्या पहाटेची वेळ. लेक पांघरुणातूनच बोलायची. पहिल्या आठवड्यात ती इमारत चुकली आणि अख्खा तास भलत्याच वर्गात बसून आली. "मग उठली का नाहीस?" काकूंनी विचारलं. "म्हटलं, हाही विषयच आहे," ती म्हणाली. वसतिगृहात एका स्वयंपाकघरात सहाजणी. फ्रिजचा कुठला कप्पा कुणाचा यावरून रोज वाजायचं, आणि सगळ्याजणी न्याय मागायला हिच्याकडे यायच्या, कारण हिला सगळ्यांचंच पटायचं. निवाडा काही व्हायचा नाही, पण भांडणाऱ्या दमून झोपायला जायच्या.

विषयांचंही तेच. अर्थशास्त्र छान आहे, वनस्पतीशास्त्रही छान आहे, इतिहासाचे सर तर फारच छान आहेत. "बँकेत नोकरी लागेल असं काहीतरी घे," काकू म्हणत. "संगणक," मामा म्हणे, त्याच्या घरचा बंद पडलेला संगणक तीन वर्षं तसाच असूनही. काका विचारत, "डोळ्यांच्या वर्गाला बसतेस ना?" ती म्हणे, बसते, तोही छान आहे. पुढे काका काही विचारत नसत. फक्त त्या रात्री दोन घास जास्त जेवत.

मग एका रविवारी ती फुग्यांबद्दल बोलू लागली. ध्वनिशास्त्राच्या वर्गाला ती सहज जाऊन बसली होती. एखादं सभागृह घुमतं का, एखाद्या खोलीत शेवटच्या रांगेपर्यंत शब्द का पोचत नाही, हे त्यात शिकवतात. त्यासाठी रिकाम्या सभागृहात मध्यभागी उभं राहून फुगा फोडायचा आणि तो आवाज विरत कसा जातो ते यंत्रानं मोजायचं.

"एवढ्या लांब जाऊन फुगे फोडतेस?" मामा म्हणाला.

"लाउडस्पीकरवाल्याचं काम आहे का गं ते?" काकूंनी काळजीनं विचारलं.

लेक पांघरुणातून उठून बसली होती. जिन्यात फुगा कसा वाजतो, गालिच्याच्या खोलीत कसा मरतो, डोळे मिटले की भिंत किती लांब आहे ते कसं कळतं, ती सांगतच राहिली. शेवटी म्हणाली, "आपल्या दुकानाची आतली खोली फार चांगली आहे आवाजाला. मला तेव्हा कळलं नव्हतं."

काकांनी हे ऐकलं. माणसाची नजर कुठल्या ओळीवर ठरते ते ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांना काय दिसायचं ते दिसलं. दिसलं आणि त्यांनी ते गिळून टाकलं. सोमवारी त्यांनी उगाचच पाटी पुसून घेतली.

वर्ष संपत आलं. विषय सांगायच्या आदल्या रविवारी लेक फोनवर आली ती रडवेली. तिनं गाळत गाळत दोन विषय उरवले होते, डोळ्यांचं शास्त्र आणि ध्वनिशास्त्र. आणि तिथंच घोडं अडलं होतं. "उद्या मी सांगितलं नाही तर तेच लोक कुठल्यातरी विषयात टाकतील. मग तीन वर्षं तोच. बाबा, मला दोन्ही सारखंच दिसतंय."

मामानं तोंड उघडलं. काकूंनी त्याला दाराबाहेर नेऊन उभं केलं.

"बाबा, तुम्ही माझा नंबर काढा," लेक म्हणाली.

काकांनी उठून खोलीतला दिवा घालवला. तिकडे तिनंही घालवला. फोनच्या काळ्या पडद्यातून तिचा फक्त श्वास ऐकू येत होता. काका सवयीनं म्हणाले, "हनुवटी सरळ ठेव." मग विचारलं, "पहिलं, ध्वनीचं. दुसरं, डोळ्यांचं. पहिलं बरं, की दुसरं?"

काकांनी पुन्हा विचारलं,

"सावकाश. घाई नाही. पहिलं... की दुसरं?"

"बाबा," लेक म्हणाली, "दुसऱ्याला तुमचा आवाज हलला."

"छे. लाईनचा दोष असेल."

"पहिल्याला लाईन बरी होती."

दाराबाहेरून मामा म्हणाला, "मलाही हलल्यासारखा वाटला." काकूंनी दार लावून घेतलं.

काकांना लाज वाटली. परक्या माणसांसाठी कधी न चळलेला आवाज पोटच्या पोरीसमोर चळला होता. वाटलं, सांगून टाकावं. ये गं परत, पाटीची उजवी बाजू तुझ्याचसाठी कोरी ठेवलीय. तिनं लगेच 'बरं' म्हटलं असतं. त्याचीच तर त्यांना भीती वाटली. बापाचा आवाज कलला म्हणून ती त्या बाजूला कलली असती आणि जन्मभर डोकं धरून बसली असती. आणि 'परत या' म्हणून सांगायला ती गिऱ्हाईक नव्हती.

ते तांब्यातलं पाणी प्यायले. तक्त्याचा दिवा लावला. शेवटच्या ओळीतली ती मुंगीएवढी अक्षरं एकेक करून सपाट सुरात वाचली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वाचताना आवाज जागेवर आला. तेव्हा त्यांनी काचांची अदलाबदल करावी तशी विषयांची केली आणि विचारलं,

"पहिलं, डोळ्यांचं. दुसरं, ध्वनीचं. पहिलं बरं, की दुसरं?"

दोन्ही शब्द एका मापाचे. उस्ताद असते तर त्यांनी मान डोलावली असती.

लेकीनं या खेपेला वेळ घेतला नाही. "दुसरं," ती म्हणाली. मग स्वतःच दचकल्यासारखी हळूच म्हणाली, "बाबा, सारखं नाहीये. दुसरं स्पष्ट आहे."

काकूंनी पदर डोळ्याला लावला. एकुलती एक पोर जन्मात पहिल्यांदा काहीतरी ठरवत होती आणि ते फुगे फोडायचं होतं, पण निदान ठरवत तरी होती.

काकांनी तक्त्याचा दिवा मालवला. "ठीक. आठ दिवस लावून बघ," ते म्हणाले. "डोकं दुखलं तर परत ये, काच बदलून मिळेल."

"आणि नाही दुखलं तर?"

"तर वर्षानं ये. नंबर तपासून जा." मग त्यांनी पुस्ती जोडली, "सगळ्यांनाच सांगतो मी."

"माहितीये," लेक म्हणाली. तिचाही आवाज फारसा सरळ नव्हता.

पुढच्या आठवड्यात काकांनी पेंटरला बोलावलं. काकूही पदर खोचून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. पेंटर शिडीवर चढला आणि त्यानं विचारलं, या रिकाम्या जागेत काय काढू? काकांनी काकूंकडे बघितलं. "चष्म्याचं चित्र बरं, की डोळ्याचं?"

"कानाचं काढा," काकू म्हणाल्या. "चष्मा शेवटी कानावरच टेकतो."

पेंटरनं ब्रश तसाच धरून काकांकडे पाहिलं. काका नेहमीप्रमाणे अदलाबदल करून पुन्हा विचारतील म्हणून तो वाट बघत राहिला. काकांनी पाटीकडे जरा वेळ बघितलं.

"कानच बरा," ते म्हणाले. "मोठा काढ."