आईच्या पिक्चरवर सतीशचं मत

आमच्या ह्यांना, म्हणजे सतीशला, पिक्चरवर मत नाही असा शुक्रवार लग्नाच्या सतरा वर्षांत मी पाहिला नव्हता. हे शिक्रापूरच्या कंपनीत तपासणीला आहेत. नग हातात घ्यायचा, मापाचा गेज लावायचा, ओके, रिवर्क नाहीतर रिजेक्ट, की पुढचा नग. तीच सवय पिक्चरला. थिएटरातून बाहेर आले की पार्किंगमध्येच फोनवरच्या ग्रुपवर मत बोलून टाकतात. शिरूरातली अर्धी पोरं ते ऐकल्याशिवाय तिकीट काढत नाहीत. निदान ह्यांचं म्हणणं तसं.

मतं तरी एकेक काय. "हिरो वीस मिनिटं नुसता चालतोय. आमच्या लाइनवर एवढा हळू चालला तर सुपरवायझर घरी बसवंल त्याला." नाहीतर, "अर्धाच पिक्चर बनवायचा आन् उरलेल्याला भाग दोन म्हणायचं. आम्ही अर्धा माल पाठवला तर चालंल का?" ऐतिहासिक पिक्चरात सगळे ओरडूनच का बोलतात, जेवताना मीठ कसं मागत असतील, असलं मला ताटावर विचारतात. मी म्हणते, आधी तुम्ही न ओरडता मागून दाखवा.

एका गोष्टीवर मात्र ह्यांच्यापुढं थट्टा चालत नाही. "आपल्या वस्तीतली माणसं पडद्यावर येतात ती मार खायला, न्हाईतर रडायला. का? आपल्यात कुणी हसत न्हाई? आमच्या शेजारचा धम्मदीप जयंतीला बुलेटवरनं काय ऐटीत फिरतो, त्याच्यावर काढा की पिक्चर." असला पिक्चर आला की सरळ रिजेक्ट. खरं सांगते, मलाही ते पटतं.

आणि गेल्या वर्षी आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई जाईबाई, नेमक्या तसल्याच पिक्चरात उभ्या राहिल्या.

त्या निमोण्याला पुतण्याकडं गेल्या होत्या. तिथं वस्तीत शूटिंग चाललेलं. आईचं काम करणारी बाई ऐनवेळी आलीच नाही. डायरेक्टर मल्हार, पोरसवदाच. त्यानं आत्यांना ओट्यावर बसलेलं पाहिलं आणि म्हणाला, आजी, साडी बदलू नका, अशाच चला. मेलेल्या पोराला बघून रडायचं, दोन मिनिटांचं काम. हे कळल्यावर ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. "मी जगाला सांगत फिरतो, आन् माझीच आई?"

परवा तो पिक्चर लागला. त्याच आठवड्यात मल्हारचा फोन आला. दौंडला पुढचं शूटिंग आहे, पुन्हा रडणाऱ्या आईचंच काम, येता का? आत्यांनी सोमवारपर्यंत मुदत मागितली आणि ह्यांना म्हणाल्या, "तू जाऊन बघ. चांगलं म्हणलास तर जाते, न्हाई म्हणलास तर न्हाई. तुला पिक्चरमधलं कळतं." त्यांना जायचं होतं. कपाटावरची पिशवी त्यांनी झटकून धुऊनही ठेवली होती. पण आमच्याबरोबर थिएटरात यायला काही तयार होईनात.

रविवारी दुपारच्या शोला आम्ही दोघंच गेलो. पहिला तासभर ह्यांची तपासणी माझ्या कानात चालू. गावात एकसुद्धा मोबाइल नाही, हे कुठलं गाव? बाजरी काढताना बाईच्या नखाला पॉलिश कसं? मग आत्या आल्या. चेहरा पडद्यावर भिंतीएवढा. आधी नुसत्या बघत राहिल्या आणि मग रडल्या. माझ्या कानातली तपासणी तिथंच थांबली.

पार्किंगमध्ये फोन हातात घेतला, परत खिशात घातला. मी विचारलं, "कसा होता?"

"चांगला. म्हंजी न्हाई. थांब जरा." गाडीला किल्ली लावून तसेच उभे. "माया, मी आईला रडताना आज पहिल्यांदा बघितलं. बाप गेला तवा मी सहा वर्षांचा होतो. तवा बी न्हाई रडली ती. आन् आज तिकीट काढून बघितलं." मग म्हणाले, "ती ॲक्टिंग असंल तर रिजेक्ट कशी करू? आन् खरं असंल तर ओके कसं म्हणू? आपलं दुःख त्यांनी नेऊन विकलं की मग."

मला आत्या पडद्यावर फार आवडल्या होत्या, आणि आवडल्या म्हणून माझा मलाच राग येत होता. घर येईपर्यंत ह्यांनी दोनदा गाडी चुकीच्या गिअरमध्ये टाकली.

घरी आत्या मेथी निवडत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "झाला बघून?"

ह्यांनी सुरू केलं. कॅमेरा बरा आहे, आवाज कमी पडतो, दुसरा हाफ लांबलाय.

"माझं सांग."

"तुझं..." हे खालीच बसले. "आई, तू खरंच रडत होतीस का नाटक करत होतीस?"

"मला तरी कुठं कळलं," आत्या म्हणाल्या. "तो पोरगा डोळ्यात औषध घालू म्हणत व्हता. मी नको म्हणलं. तुझा बाप आणला डोळ्यापुढं. आठ बाऱ्या, तेच तेच आठदा करून घेतलं त्यानं. पहिल्या दोन बाऱ्यांना जीव गेला माझा. आठव्या बारीला हलकं वाटलं. मग चा प्याले, बिस्किटं खाल्ली."

"ह्यातली कितवी बारी दाखवलीय?"

"मला काय ठावं."

हे माझ्याकडं बघायला लागले. मी मेथीची जुडी ओढून घेतली.

"मग तवा का न्हाई रडलीस? बाप गेला तवा?"

"तू पदर धरून माझ्या तोंडाकडं बघत बसला व्हतास. कशी रडणार? आन् दुसऱ्या दिशी कांदा काढायचा व्हता लोकांचा. मग राहूनच गेलं."

आत्यांनी निवडलेली मेथी टोपल्यात टाकली, हात पदराला पुसले आणि विचारलं, "मग काय सांगू त्या पोराला? चांगलं केलं का वाईट?"

"मला न्हाई सांगता येत, आई," हे म्हणाले. "खरंच न्हाई येत. पण तुला परत रडायला लावणार ते."

"लावू दे की," आत्या म्हणाल्या. "अजून लई रडायचं राहिलंय माझं."