सिस्टरबाई आणि आठचा भोंगा

श्रीरामपूरजवळच्या आमच्या गल्लीत माणसाला सुखाने शिंकायचीही सोय नव्हती, आणि याला जबाबदार होत्या शेजारच्या सिस्टरबाई. नर्सच्या नोकरीतून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण हे त्यांना कोणी समजावून सांगितलं नसावं. मी रेल्वेत रात्रपाळीचा बुकिंग क्लार्क. ड्यूटीवरून पाय ओढत घरी यावं, तर या दारात उभ्या. "जीभ दाखवा." मी मुकाट्याने दाखवत असे. वाद घालायचं त्राण माझ्यात तेव्हाही नव्हतं.

आम्ही सगळे नुसते सरावाला होतो. खरा रोगी त्यांचा भाऊ दाविद. चाळिशीचा, अंगाने आडदांड, जन्मापासून समज कमी. बोलायला वीस-पंचवीस शब्द, आणि त्यांत 'दुखतंय' हा शब्द नव्हता. दाढ सुजून गाल फुगला की मग घरात कळायचं. म्हणून बाईंनी पाटीवर एक माणूस काढला होता. दाविदने त्याच्यावर बोट ठेवायचं, आपलं कुठे दुखतं ते दाखवायचं. एकदा डॉक्टरांनी बाईंना विचारलं, "काय होतंय याला?" बाई म्हणाल्या, "मला काय विचारता? दुखनं त्याचं हाय." डॉक्टर घड्याळाकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने दाविदने पाटीवरच्या माणसाच्या कानावर बोट ठेवलं. कानातून ज्वारीचा दाणा निघाला. तो दाणा बाईंनी गल्लीत घरोघर दाखवला.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या दिवाळीत त्याला फिट येऊ लागल्या. बाईंनी गल्लीला कामं वाटून दिली. दाविद एकटा आडाकडे जाऊ नये हे माझ्या बायकोने बघायचं, चुलीजवळ बसू नये हे समोरच्यांनी. रोजची गोळी मात्र त्याची त्याने घ्यायची. त्याला घड्याळ कळत नव्हतं, पण साखर कारखान्याचा सकाळी आठचा भोंगा कळत होता. भोंगा झाला की गोळी. मी म्हटलं, "तुम्हीच का देत नाही हातात?" तर म्हणाल्या, "मी किती दिस पुरनार? माझ्यामागं भोंगा तरी राहील."

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठ दिवस नगरला गेल्या. त्याच आठवड्यात, पाण्यावाचून ऊस लवकर संपून, कारखाना बंद पडला. बॉयलर थंड झाला, भोंगा थांबला. आम्ही आड सांभाळला, चूल सांभाळली, आणि भोंगा वाजत नाही हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. चौथ्या दिवशी दाविद आमच्या ओट्यावर कोसळला. फिट ओसरल्यावर त्याची मूठ उघडली, तर आत घामाने विरघळलेली गोळी होती. बिचारा रोज सकाळपासून ती हातात धरून भोंग्याची वाट बघत बसायचा. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बाई परतल्या. दुसऱ्या दिवसापासून आठ वाजता पितळी थाळी आणि पळी घेऊन ओट्यावर उभ्या राहू लागल्या. माझी झोपेची वेळ तीच. पुढच्या हंगामात भोंगा पुन्हा वाजू लागला, पण दाविदचा आता त्याच्यावर भरवसा नव्हता. त्याला थाळीच हवी. बाई चेष्टेत म्हणायच्या, "आता मला मरायची बी सोय न्हाई." चेहरा मात्र चेष्टेचा नसे.

दोन वर्षांनी, थोडक्या तापाने त्या गेल्या. त्यांच्या मातीला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवरून येऊन, बूटही न काढता खाटेवर पडलो होतो. कारखान्याचा भोंगा झाला. पाठोपाठ दारावर थाप पडली. दारात दाविद. एका हातात थाळी-पळी, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

"भाऊ, वाजव," तो म्हणाला.

मी वाजवली. त्याने गोळी गिळली, पाणी प्याला. मग माझ्याकडे निरखून बघितलं आणि घरात जाऊन पाटी घेऊन आला. ती माझ्यापुढे धरून उभा राहिला. कुठे बोट ठेवावं, ते मला बराच वेळ कळेना.