बांगड्यांवरचं एन्झाइम

सातवीतच शाळा सुटली, तरी आखातात, अल ऐन शहरात, प्रयोगशाळांचं सामान पोचवायची नोकरी मिळाली. त्याबद्दल देवाचे आभार मानत आणि ती जाईल म्हणून घाबरत मी गाडी चालवतो. एका शुक्रवारी संशोधनासाठीच्या एन्झाइमचा थर्माकोलचा डबा घेऊन युनिव्हर्सिटीत पोचलो, तर नमाजामुळे प्रयोगशाळा दुपारपर्यंत बंद. साहेबांनी बजावलं होतं, "माल वितळला, तर तू खलास." डब्यात कोरडा बर्फ होता, पण आम्ही कोकणातली माणसं नुसत्या बर्फाच्या भरवशावर मासळीसुद्धा सोडत नाही. मी सरळ खोलीवर गेलो आणि डबा तसाच फ्रीजरमध्ये बांगड्यांवर ठेवला.

खोलीत स्वयंपाक करणारे रत्नागिरीचे चाचा डब्यावरचं 'ह्यूमन' वाचून म्हणाले, "माणसाचं काय उचलून आणलंस रे? आता हे बांगडे कोण खाणार?"

दुपारी डबा प्रयोगशाळेत पोचवला. तिथल्या मराठी मॅडमनी तो उघडून तपासला. "छान गोठलेलं आहे. पण डब्याला मासळीचा वास कसा?"

मी सगळं सांगितलं. त्या हसत म्हणाल्या, "चाचांना सांगा, हे माणसातून काढलेलं नाही. माणसाचं जनुक बॅक्टेरियात घालतात आणि त्यांच्याकडून हे बनवून घेतात."

नोकरी वाचली होती. मी खुशीत चाचांना निरोप दिला.

"बॅक्टेरिया म्हणजे जंतूच ना?" असं विचारून चाचांनी सगळ्यांसाठी डाळ शिजत घातली.

बांगडे मी एकट्याने खाल्ले, देवाचे आभार मानत.