कानोत्याच्या धरणात सुरुंग फुटला तेव्हा मी पाण्यात होतो

मंडळी, उजव्या कानाने अजून काहीच ऐकू येत नाहीये, पण हे आजच लिहायचंय.

मी मूळचा मालवणचा, नोकरीसाठी जयपूरला, प्रताप नगरात राहतो. समुद्रातल्या माशांचे फोटो काढायची हौस इथे कानोत्याच्या धरणावर भागवतो. आज सकाळी कमरेएवढ्या पाण्यात डोकं बुडवून एका मरळीचे फोटो काढत होतो. तिच्याभोवती लालसर पिल्लांचा घोळका होता. कॅमेरा जवळ नेला की ती थेट काचेवर धडकायची.

अचानक पाणीच फुटलं. छातीत घण बसल्यासारखं झालं. काठावर बसलेल्या बायकोने, स्नेहाने, मला ओढत बाहेर काढलं. कानातून रक्त येत होतं.

दोन माणसं टोपली घेऊन पाण्यात उतरली. सुरुंग लावून मासे मारणारे तेच.

"भैया, अंदर आदमी था!" स्नेहा किंचाळली.

"मरा तो नहीं ना?" एकजण हसला. त्याने तडफडणारी मरळ शेपटीला धरून उचलली आणि तिचं डोकं दगडावर आपटलं.

मी धावत जाऊन कॅमेऱ्याची जड पेटी त्याच्या तोंडावर हाणली. तो रक्त थुंकत खाली बसला. मी पुन्हा हात उगारला, तेव्हा स्नेहाने मला मागून घट्ट धरलं. "अहो, बस! मारून टाकाल त्याला!"

आता पोलिसांकडे निघालोय. सुरुंगाबद्दल सांगणारच, पण माझ्या फटक्याबद्दलही सांगायचं ठरवलंय. कारण खरं सांगतो, मारताना मला बरं वाटलं होतं.

तुम्ही सांगितलं असतं?