लग्नाच्या दिवशी दिसणारं विमान

"पुन्हा आलं," मॅडम म्हणाल्या.

मी स्क्रीनकडे पाहिलं. ईशान्येला, जेमतेम दोन किलोमीटरवर, तोच ठिपका. कॉम्प्युटरच्या मते ती वस्तू हायवेवरच्या मोटारीपेक्षा जोरात धावत होती. पण तासभर बघितलं तरी जागची हलत नव्हती. आम्ही दुर्बीण घेऊन बाहेर आलो. आकाशात एक घार होती, तीही कंटाळलेली.

अमरावतीबाहेर तिवस्याच्या बाजूला एका मोकळ्या टेकाडावर आम्ही रडार मांडून बसलो होतो. लढाऊ विमानाच्या नाकात बसणारं, आपल्याच देशात तयार झालेलं रडार. मे महिना मुद्दाम निवडला होता. आतली इलेक्ट्रॉनिक्स कडक उन्हात टिकते का, हे बघायचं होतं आणि वऱ्हाडात ऊन फुकट मिळतं. जागा मीच सुचवली होती. मी मूळचा मूर्तिजापूरचा, नोकरीला बंगलोरला. त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव पेपरात यायचं ते वाईट बातमीपुरतंच. इथून एखादं चांगलं काम पार पडावं अशी माझी फार इच्छा होती. आणि नेमकं इथे येऊन रडारला भूत दिसायला लागलं.

जुन्या रडारची तबकडी गोल गोल फिरते, ती सगळ्यांनी पाहिलेली असते. आमची तबकडी फिरत नाही. तिच्यावर शेकडो छोटे मॉड्यूल असतात. प्रत्येक जण लहरी सोडतो आणि परत आलेल्या ऐकतो. कोणी कधी सोडायच्या हे कॉम्प्युटर ठरवतो आणि त्यावरून सगळ्यांचा मिळून झोत डावीकडे जातो की उजवीकडे, ते ठरतं. काहीही न हलवता नजर पापणी लवण्याच्या आत इकडून तिकडे जाते. झाडं, घरं, टेकड्या अशा स्थिर गोष्टी रडार गाळून टाकतं. हलणारं तेवढंच दाखवतं. म्हणजे तिथे काहीतरी हलत होतं, नाहीतर आमचं रडार खोटं बोलत होतं.

नागरत्ना मॅडम आमच्या प्रोजेक्ट लीडर. म्हैसूरकडच्या. आमचं बोलणं इंग्रजी-हिंदीत चाले, इथे मराठीत लिहितो. या रडारसाठी त्यांनी डोक्याचे केस पांढरे करून घेतले होते. आठवड्याने कमिटी येणार होती. कमिटीने मान्यता दिली तर रडार विमानावर चढणार, नाहीतर बाहेरून विकत घेऊ म्हणणारे दिल्लीत टपूनच होते.

"रिसीव्हरमध्ये गळती आहे," मॅडम म्हणाल्या. "आपलाच दोष."

"मग रोज का दिसत नाही?"

"ते तू शोध."

भूत न दिसलेल्या एका निवांत दिवशी मी मोटरसायकल काढून त्या दिशेला जाऊन आलो. तिथे एक लग्नाचं लॉन होतं. गेटला कुलूप, आत चिटपाखरू नाही. हात हलवत परत आलो.

त्याच दिवशी अकोल्याहून शोभामावशीचा फोन आला. माझी मावशी फोनवर नमस्कार वगैरे करत नाही.

"सुनीच्या लग्नाले काहून नाई आला?"

"मावशी, त्या दिवशी मशीन बिघडली होती."

"अन् पक्याच्या?"

"त्या दिवशीही बिघडली होती."

"तुयी मशीन बरी लग्न पाहूनच बिघडते बाप्पा!"

फोन कानाला धरूनच मी नोंदवहीतल्या तारखा चाळल्या. मावशीने मला बहाणेबाज ठरवण्यासाठी टोमणा मारला होता, पण होतं खरंच तसं. ज्या ज्या दिवशी मला लग्नाचं आमंत्रण होतं, त्या त्या दिवशी भूत आलं होतं. तिथी दाट म्हणजे सगळीकडेच लग्नं. मी पुन्हा लॉनवर गेलो, चौकीदाराला गाठलं आणि मागची शेड उघडायला लावली. आत उभे होते माणसाच्या उंचीचे पंखे. ॲल्युमिनियमची रुंद पाती, बैलगाडीच्या चाकाएवढा घेर. पंखा जागेवरच असतो, पण पातं पळत असतं. रडारला ते पातं दिसत होतं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "शक्य आहे. पण कमिटीसमोर शक्य आहे म्हणून चालत नाही."

"कमिटी येते त्या दिवशी तिथीच नाही," मी छाती पुढे काढून म्हणालो. "पंचांग बघितलंय. लग्न नाही, पंखे नाहीत, भूत नाही."

कमिटी आली. अध्यक्ष हवाई दलातून निवृत्त झालेले, मिशा आणि आवाज दोन्ही भरदार. भाड्याने घेतलेलं छोटं विमान आकाशात घिरट्या घालत होतं आणि आमचं रडार ते सुरेख दाखवत होतं. मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. आणि ईशान्येला ठिपका उगवला.

"हे दुसरं विमान कोणाचं?" अध्यक्षांनी विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. मी लग्नाची थिअरी घाईघाईने सांगितली.

"म्हणजे आज तिथे लग्न आहे?"

"आज तिथी नाही सर, पण..."

"मग?"

मी किल्ली उचलली आणि पळालो.

लॉनच्या गेटवर हिरवी-पांढरी झालर होती. मी कपाळावर हात मारला. निकाह होता. निकाहाला कुठलं आलंय पंचांग! लहानपण वऱ्हाडात गेलं, अर्धे दोस्त मुसलमान, त्यांच्या घरच्या बिर्याण्या हाणल्या, आणि मी भिंतीवरचं एक पंचांग बघून सगळ्या गावाची लग्नं मोजली होती.

मुलीचे वडील रशीदभाई, तिवस्याला ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप चालवणारे. सरकारी मशीनची तपासणी आहे, दोन मिनिटं सगळे पंखे बंद करा, अशी मी त्यांना विनंती केली.

"भाऊ, बाहेर आग पडून राह्यली," ते म्हणाले. "बारात अकोल्याहून आली. पंखे बंद केले तं पोरीचे सासरे मले काय म्हनतीन?"

"रशीदभाई, खूप लोकांची मेहनत अडकली आहे."

त्यांनी मांडवाकडे पाहिलं. "निकाह पढाच्या वक्ताले तसेबी बंद कराच लागते. नाई तं या घरघरीत नवरदेवाचं 'कबूल है' गवाहायले ऐकू कसं जाईन? काझीसाहेब बसले का बंद."

मी मॅडमना फोन लावला. "पंखे बंद होतील. फोन चालू ठेवा."

"कधी?"

"मामू आले की."

"कोण मामू?"

"नवरदेवाचे मामा. साक्षीदार आहेत."

पलीकडून अध्यक्षांचा आवाज आला, त्यांना नागपूरला जायची घाई होती. इकडे मामू अंगणात कोणाशी तरी कापसाच्या बियाण्यावर वाद घालत उभे होते. मीच त्यांचा हात धरला आणि "चला मामू, तुमच्यासाठी सगळे थांबलेत" म्हणत मांडवात आणून बसवलं. ते मला मुलीकडचा समजले, मुलीकडचे मला मुलाकडचा.

काझीसाहेबांनी माईक घेतला. पंखे एकेक करून मंदावले, थांबले. सगळा मांडव घामाने निथळत गप्प बसला. नवरदेवाने तीनदा कबूल म्हटलं. मी फोन कानात खुपसला होता.

"गेलं!" मॅडम ओरडल्या. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

खजूर वाटले गेले, पंखे घरघरले. "आलं!"

आता फोनवर अध्यक्ष होते. "योगायोग असू शकतो. पुन्हा बंद करा."

"सर, निकाह एकदाच होतो."

रशीदभाई शेजारीच होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडून फोन काढून घेतला. "साब, बंद करतो. पर एक शर्त है. सब लोग खाना खाने आना."

मग त्यांनी माईकवरून पाहुण्यांना सांगितलं, "सरकारी काम हाये, दोन मिनट दम धरा." पंखे बंद झाले, पुन्हा चालू झाले. कोणी कुरकुरलं नाही. सासरे तर उठून मला विचारून गेले, "जमलं का तुमचं?"

जमलं होतं. तासाभराने कमिटी बिर्याणीच्या पंगतीला होती. पंख्याची पाती दिसतात, म्हणजे समोरच्या विमानाच्या इंजिनाची पातीही दिसतील, असं अध्यक्ष दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाले. मॅडम शाकाहारी. त्या शिऱ्याची वाटी पुढ्यात घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिखट तर त्यांनी काहीच खाल्लं नव्हतं.

मान्यता मिळाली. बंगलोरला परत गेल्यावर आम्ही जागेवर फिरणाऱ्या वस्तू ओळखून बाजूला काढणारा प्रोग्राम लिहिला. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला शादी फिल्टर म्हणतो. पुढे ते रडार विमानाच्या नाकात बसलं, आणि ते विमान उडताना पाहून मी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

नव्या इंजिनिअरांना मी एवढंच सांगतो. ट्रायलच्या आधी पंचांग बघू नका, लॉनवाल्याला फोन करा.

ही सगळी हकीकत मी शोभामावशीला मोठ्या कौतुकाने सांगितली. तिच्या टोमण्यामुळेच भूत सापडलं, हेही सांगितलं.

"म्हंजे वळख ना पाळख, त्याच्या लग्नात जेवून आला," ती म्हणाली, "अन् सुनीच्या लग्नाले तुले टाइम नोता."